फोटोचा मान

नायजेरियाच्या नव्या राष्ट्राध्यक्षाने पेट्रोलचं अनुदान बंद केलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सीमेअलीकडे, बेनिनमधल्या पोर्तो-नोव्होत, होएफाच्या टपरीवरची पेट्रोलची बाटली दुपटीने महागली. तिकडून चोरून आलेलंच पेट्रोल ती विकायची. पण मोटरसायकलवाले तिच्याच नावाने खडे फोडू लागले.

खासदारकीला उभे असलेले दोसू साहेब लगोलग हजर. "मावशी, मला निवडून द्या, भाव खाली आणतो," म्हणाले आणि आपलं भलंमोठं पोस्टर टपरीवर चिकटवून गेले.

आठवड्याने येऊन पाहतात, तर पोस्टर उन्हापासून बाटल्या झाकायला घेतलेलं, आणि त्या जागी नायजेरियाच्या अध्यक्षाचा फोटो ठोकलेला.

साहेबांचं डोकं फिरलं. "आपल्या देशात राहून परक्याला मान देता?"

"मान कसला? रोज सकाळी टपरी उघडली की शिव्या घालते त्याला. माणूस समोर असलेला बरा."

"मग माझा फोटो का उतरवलात?"

होएफाने नरसाळं पुसत त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

 

"तुम्हाला कशाला शिव्या घालू, साहेब? तुमच्या हातात आहे तरी काय?"