चाकापुढचं लिंबू

गाडी डावीकडे ओढायची, म्हणून अण्णांनी वीस वर्षं स्टिअरिंग उजवीकडे रेटूनच धरलं. पण गेल्या महिन्यात घाटात ती दरीकडे झुकली. "आता या गाडीत पाय ठेवायची नाही," इंदूताईंनी नवऱ्याला बजावलं.

जब्बारमिस्त्रींनी चाकांचा कल सरळ केला आणि जुनं स्टिअरिंग काढून हलकं पॉवर स्टिअरिंग बसवलं. ताईंनी चाकापुढे चिरडायला लिंबू ठेवलं. अण्णा निघाले आणि लिंबू चुकवून गाडी उजवीकडे वळली.

ताई ओरडल्या, "अहो, ही अजून ओढतेय!"

"अण्णा, हात सैल सोडा," मिस्त्री हसले.

अण्णांनी सोडले. गाडी सरळ सुतात गेली. खोड आता फक्त हातांत उरली होती.

ताईंनी अख्खं लिंबू पदराला पुसलं आणि त्या गाडीत अण्णांशेजारी जाऊन बसल्या. "चला, घाटातूनच जाऊ. वर पोहोचल्यावर सरबत करू."