टाकीच्या तोंडाशी

धर्मराजकाकांचा एक पाय टाकीत गेलाही होता.

“काका, थांबा!” समीक्षा ओरडली.

शिफ्ट इन्चार्ज म्हणून तिची ही पहिलीच सकाळ. पनवेलहून कंपनीच्या बसने येताना तिने नवं ओळखपत्र आठदा तरी चाचपलं होतं. तळोज्याच्या या केमिकल प्लांटमध्ये तिला व्हॉल्व्ह फिरवायला शिकवलं ते काकांनीच. आता त्यांनाच हुकूम सोडायचा, म्हणजे गुरूची विद्या गुरूला!

नियम साधा होता. टाकीत उतरण्याआधी मीटरने आतली हवा तपासायची, मग इन्चार्जने परमिटवर सही करायची. काकांची पद्धत त्याहून साधी. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि उतरायचं. परमिट मागाहून. बावीस वर्षांत कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

“वास नाय, काय नाय. साफ हाय टाकी,” काका म्हणाले. “आनि मी तुला सीनियर हाय, पोरी. इसरलीस?”

हातातलं काम सोडून चौघे कामगार बघायला लागले. काका दुखावले, तर उद्यापासून शिफ्टमध्ये तिला कोण विचारणार होतं?

“सीनियर तुम्हीच, काका. माझे केस पिकले तरी तुम्हीच,” ती म्हणाली. “पण आज सुपीरियर मी आहे. सीनियरच्या मी पाया पडेन. सुपीरियरचं तुम्ही ऐकायचं. बाहेर या!”

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पाय बाहेर काढला.

तिने मीटरची नळी आत सोडली. मीटर एकदम केकाटायला लागला. आत नायट्रोजन कोंडून राहिला होता, श्वासापुरताही ऑक्सिजन नव्हता. नायट्रोजनला वास नसतो, आणि उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो.

काका तरातरा मॅनेजरच्या केबिनकडे निघाले. तक्रार करणार, दुसरं काय! ती धावतच मागे गेली.

काकांनी दार ढकललं. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“साहेब, इन्चार्जची खुर्ची तुमी आदी मलाच देत होतात. मी हिचं नाव सांगितलं. तिथं मी बसलो असतो, तर आज मला कोनी अडवलं असतं?”