सगळं सुरळीत

सुताराची दारू सुटून वर्ष झालं होतं. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून करवत धरताना त्याचा हात थरथरत नव्हता, आणि घरात त्याचा आवाज चढलेला ऐकून बायकोला जमाना झाला होता. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई खुशीत होत्या.

"झोप?"

"लागते."

"दारूची आठवण?"

"येत नाही."

"उदास वाटतं?"

"काहीच वाटत नाही."

"छान! मग याच गोळ्या चालू ठेवू," म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

सुतार खुर्चीतून उठला नाही. "मॅडम, डोस हळूहळू कमी करता येईल का?"

"का हो? सगळं सुरळीत चाललंय की!"



"आई जाऊन महिना झाला, मॅडम. माझं रडायचं राहिलंय."