शपथेवर लिहून द्या

तुळसाबाईंच्या पत्राला कृष्णकांत वकिलांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. निळं अंतर्देशीय पत्र कायद्याच्या एका जाड पुस्तकात होतं. ते पुस्तक ते उघडत नसत. मजकूर पाठच होता.

'वकीलसाहेब, हेल्थवाल्यांनी खानावळीले सील ठोकलं. माझ्या जेवणानं कॉलरा झाला म्हणतेत. अपिलाले तीस दिवस हायेत. तुमच्या घरी दोन वर्सं माझाच डबा गेला. त्या जेवणानं कोणाले काही झालं नाही, एवढं शपथेवर लिहून द्या.'

तीस दिवस गेले. लायसन गेलं. धंतोलीतल्या दवाखान्यासमोरची ती खानावळ, जिथं विदर्भभरच्या आजाऱ्यांची माणसं पंगतीला बसत, तिथं औषधांचं दुकान आलं. तुळसाबाई काटोलला भावाकडे निघून गेल्या.

त्या उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथ होती. खानावळीत जेवणारे दोघं बुधवारी आजारी पडले आणि दगावले. त्याच आठवड्यात कृष्णकांतांच्या पत्नी यमुताई गेल्या. शेजारच्या शरच्चंद्र डॉक्टरांनी हृदयविकार म्हणून दाखला दिला. घरात असं घडल्यावर माणसाला पत्राची शुद्ध कुठून राहणार, असं लोक म्हणाले. कृष्णकांतांनी कोणाचंच बोलणं खोडलं नाही. तसेही ते न बोलणारेच. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी नोटिसा आणि अर्ज लिहिले; कोर्टात उभं राहून बाजू मांडायची म्हटली की त्यांचा घसा कोरडा पडे.

आज सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. हातात संत्र्यांची पिशवी.

"ओळखलं का मले? रुपराव. तुळसाचा भाऊ."

कृष्णकांत उठताना खुर्चीला अडखळले. "बसा. कशा आहेत बाई?"

"कशी राहीन? गावात लग्न निघालं का हिले चुलीपाशी येऊ देत नाहीत. कॉलरावाली म्हणतेत. परवा माझ्याच नातीच्या साखरपुड्याले व्याह्यानं हिच्या हातचा चहा तसाच खाली ठेवला. दोन दिवस जेवली नाही."

"मग आता काय म्हणतात?"

"खानावळ गेली ते गेली. पर मरायच्या आधी कोणी लिहून द्यावं म्हणते, का माझ्या हातात खोट नव्हती. कोणी म्हणजे तुम्हीच. म्या म्हटलं, अवं, नऊ वर्सं झाले, तो वकील जिता आहे का मेला, काय माहीत! तर माझ्यावरच भडकली." रुपराव स्वतःच हसला आणि मग ओशाळला.

"मला शिव्याच देत असतील."

"नाही जी! तुमचं नाव निघालं का यमुताईचंच सांगून राहते. त्यांच्याकडून डबा कधी रिकामा परत आला नाही म्हणते. कधी लोणचं, कधी मेतकूट. ज्या आठवड्यात यमुताई वारल्या, त्या आठवड्यात भी डबा पन्ह्यानं गच्च भरून आला होता. उन्हातून आलेली माणसं म्हणून तुळसानं साऱ्या पंगतीले वाटलं."

कृष्णकांत संत्रं सोलत होते. हात थांबला. तो डबा दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, ते स्वतःच खानावळीत घेऊन गेले होते. ज्या घरून अन्न येतं त्या घरी रिकामं भांडं धाडू नये, हा यमुताईंचा नेम. अंगात बळ नसतानाही त्यांनी तो मोडला नव्हता.

"काहून असे बसले साहेब? नसन जमत तर तसं सांगा. म्या तिले समजावीन."

"नको. उद्याच्या टपालानं पाठवतो."

"नक्की ना जी?"

"नक्की."

रुपराव बसस्टँडकडे गेल्यावर ते लिहायला बसले. दुसऱ्यांसाठी हजारदा लिहिलेली वाक्यं स्वतःसाठी जुळेनात. तीन कागद फाडले. शरच्चंद्र डॉक्टर गेल्या वर्षी वारले होते. आता कोणाची परवानगी घ्यायची राहिली नव्हती. भिंतीवरच्या यमुताईंच्या फोटोकडे मात्र त्यांना बघवेना.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात नोटरीनं कागद वाचला. चष्मा काढून परत वाचला.

"साहेब, हे खरंच द्यायचंय? या वयात?"

"शिक्का मारा," कृष्णकांत म्हणाले. घसा कोरडा पडला होता, पण आवाज फुटला.

धंतोलीच्या पोस्टात त्यांनी पाकीट रजिस्टर केलं, पावती खिशात घातली आणि सावकाश घराकडे निघाले. आतल्या कागदावर मोजक्याच ओळी होत्या.

'तुळसाबाईंच्या अन्नात दोष नव्हता. माझी पत्नी यमुना हृदयविकारानं नव्हे, कॉलऱ्यानं गेली. तिच्या अंत्ययात्रेला माणसं यावीत म्हणून तो दाखला मी डॉक्टरांकडून मागून घेतला. तिला जुलाब सोमवारी पहाटे सुरू झाले होते. पन्हं तिनं त्याच दुपारी कालवलं.'