तीन नंबरचा ससा

नव्या रसायनाची पट्टी काढली तेव्हा तीन नंबरच्या सशाची पाठ लालभडक झाली होती. बाकीच्या दोघांचीही तीच गत. "आत्ताची लाली धरायची नसते," मॅडम म्हणाल्या. "उद्या-परवा राहिली तरच खरी. तोवर यांना हात लावू नका, तुळशीराम."

पण तुळशीरामला राहवेना. कारखान्याच्या प्रयोगशाळेतले ससे सात वर्षं तोच सांभाळत होता. मॅडम घरी गेल्यावर त्यानं शेडमागची कोरफड तोडली आणि तिन्ही पाठींना हलक्या हातानं गर चोळला. रोज चोळला. लाली उतरली. 'त्वचेला अपाय नाही' असा शेरा वहीत पडला, आणि आपली ही करामत त्यानं घरी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितली.

दिवाळीनंतर ते रसायन डब्यांत भरायला आलं. भरणाऱ्या बायकांत त्याची बायको वत्सलाही होती. चौथ्या दिवशी ती घरी आली ती दोन्ही हात पुढे धरूनच.

"हातमोजे नाही घातलेस?"

"लागत नाहीत म्हणाले साहेब. तपासून घेतलंय म्हणे, तुमच्याच तिथं."

तुळशीराम बघतच राहिला. सशांच्या पाठीवरची तीच लाली, वर कडेला बारीक फोडही.

"असे बघत काय बसलात?" कळ दाबून ती म्हणाली. "सशांना लावलीत ती कोरफड मलाही लावा. तुमच्या हाताला गुण आहे."