बाईंचा ओरडा

दर्शनाने आजही गृहपाठ केला नव्हता. "असू दे गं, उद्या कर," म्हणून श्रद्धाबाई पुढच्या मुलाकडे वळल्या. भिवपुरीच्या पलीकडल्या त्या शाळेत चारही वर्गांना त्या एकट्याच होत्या, आणि एरवी त्यांचा आवाज पार शेताच्या बांधापर्यंत ऐकू जाई. दर्शना मुकाट्याने खाली बसली. हळूहळू सगळा वर्गच गप्प झाला.

मधल्या सुट्टीत, शाळेची खिचडी रांधणारी अंबाबाई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"बाई, उद्या नारळ आणू का?"

"कसला नारळ?"

"निरोपाचा. पोरं म्हनतात, बाई आज ओरडल्या नाय. बदली झाली की सगळे असंच करतात. आदीचे गुरुजी, त्यांच्या आदीच्या बाई. जायच्या टायमाला गोड बोलाय लागतात." उद्या खिचडीत वाटाणा घालू का, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

"काहीतरीच काय, अंबाबाई."

मोहोपाड्याच्या शाळेत बदलीचा आदेश सकाळीच मोबाईलवर आला होता. शनिवारी इथून सुटायचं होतं. त्यांच्या जागी अजून कुणाचंच नाव नव्हतं.

सुट्टी संपताच श्रद्धाबाई वर्गात गेल्या आणि त्यांनी टेबलावर पट्टी आपटली.

"दर्शना, ऊठ. गृहपाठ कुठाय? रोज रोज सांगायचं का तुला?"

दर्शना उभी राहिली. मान खाली घालून गालातल्या गालात हसली. मागच्या पोरांनी पुन्हा दंगा सुरू केला.