जोडू की घटवू?

"आई, जोडू की घटवू?"

अनयनं हे विचारलं आणि अलकाचं डोकं तापलं. नानाखेड्याहून सवाऱ्यांचा टेम्पो निघाल्यापासून ती तेच उदाहरण तिसऱ्यांदा वाचून दाखवत होती. नुसते आकडे दिले की हा मुलगा पटापट सोडवायचा. तेच आकडे पेरूंच्या टोपलीत नाहीतर आगगाडीच्या डब्यात घालून दिले की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. मागच्या परीक्षेत शाब्दिक उदाहरणांत भोपळा, आणि आई गणिताची मास्तरीण. आज पुन्हा टेस्ट होती. सकाळी त्यानं दुधाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

"आधी नीट वाच, मग विचार," ती खेकसली. त्याचा चेहरा एवढासा झाला, तशी तिला स्वतःचीच लाज वाटली.

दाराशी त्यांच्याच गल्लीतले भय्यासाहेब मुजुमदार बसले होते, राम घाटावर स्नानाला निघालेले, मांडीवर धोतराची पिशवी. देह असा ऐसपैस की ते खाली उतरल्याखेरीज आतल्या कुणाला बाहेर पडता येत नसे. हे रोजचंच होतं. फ्रीगंजात, नव्या एसटीडी बूथसमोर, टेम्पो थांबला. अलकानं पुस्तकातून मान वर केली तेव्हा तिघे रस्त्यावर उभे होते आणि चौघे आत शिरत होते.

तिला एकदम सुचलं. तिनं पुस्तक मिटलं.

"हे राहू दे. ड्रायव्हर सोडून आपण सात जण होतो. तिघे उतरले, चौघे चढले. आता किती?"

"जोडू की..."

"जोड़ दे बेटा," समोरचा दूधवाला म्हणाला. "सात और चार, ग्यारह."

"और जो तीन उतरे, वो?" हारांची टोपली घेतलेली बाई म्हणाली. "घटा दे. चार बचे."

"चार कैसे? हम क्या हवा में बैठे हैं?" नुकताच चढलेला एक मिशाळ म्हणाला.

झालं, टेम्पोभर वाद पेटला. अनय एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मोठी माणसंसुद्धा अशी अडतात, हे त्याला नवीनच होतं. त्याला हसू यायला लागलं.

शेवटी अलकानं वर्गातला आवाज काढला. "सातातून तीन गेले, चार. चार नि चार, आठ."

"नऊ," अनय म्हणाला.

"आठ, राजा."

"नऊ. आजोबा उतरलेच नाहीत. म्हणजे उतरले, पण जागा द्यायला. मग परत चढले ना. तू नीट वाचलंच नाहीस, आई."

दूधवाल्यानं बोट फिरवून डोकी मोजली. नऊ.

"छोरा सही बोल रिया है," हारवाली म्हणाली.

अलका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. भर टेम्पोत मुलानं तिची चूक काढली होती, आणि तिला स्वतःचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला होता.

"सूनबाई, पोरानं मला धरलं तरी," भय्यासाहेब म्हणाले. "तुम्ही तर मला चक्क घटवून टाकलंत."

पूल ओलांडून टेम्पो शाळेशी थांबला. भय्यासाहेब पिशवीसकट खाली उतरले, मागून अलका, मग अनय.

"पोट दुखतंय का रे?" तिनं विचारलं.

"भूक लागलीये."

तिनं घाईघाईनं डबा उघडून पोळीचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. भय्यासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा, आता सगळ्यांना पुरून उरशील."

आत अजून मोजणी चालूच होती. "नौ में से दो गए, पूरे सात," दूधवाला ड्रायव्हरला ओरडून सांगत होता. "चलो उस्ताद!"

टेम्पो भुर्रकन सुटला. भय्यासाहेब पिशवी छातीशी धरून रस्त्यात तसेच उभे.

अनयनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लांब जाणाऱ्या टेम्पोकडे.

"सहा," तो तोंडातल्या लाडवासकट म्हणाला, आणि फाटकातून आत पळाला.